कॅमेऱ्यातला निळा डाग आणि वरच्या मजल्यावरचे काका

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत बारा वर्षांची आहे. बेडरूमच्या कोपऱ्यात, छतालगत, दोन वर्षांपासून ओल येते. पोपडे पडतात, पांढरा लोणा धरतो. त्या भिंतीमागे आमचं टॉयलेट आहे, त्याच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकांचं, आणि शेजारी पाइपांचा उभा डक्ट. ऑगस्टमध्ये थर्मल कॅमेरावाल्याला बोलावलं. उकडत होतं म्हणून एसी लावलेला होता. त्याने निळा डाग दाखवला आणि ‘गळती वरच्या फ्लॅटमधून आहे, टाइल्स फोडाव्यात’ असं लेखी दिलं. फोटो सोबत पाठवते. मग काकांनी त्यांचा माणूस आणला. त्याने त्यांच्या बाथरूममध्ये तसाच कॅमेरा फिरवून ‘गळती आढळली नाही’ असं लिहून दिलं. काका म्हणतात, ‘मे महिन्यात आम्ही दहा दिवस गावाला होतो, तरी तुमची भिंत ओलीच होती. मग पाणी आमचं कसं?’ सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही मिटवा. जिन्यात भेटलो तरी आता कोणी बोलत नाही. कोणाचा रिपोर्ट खरा मानायचा? मोबाइलला लावायचा थर्मल कॅमेरा आपणच विकत घ्यावा का? दिवाळीच्या आत रंग द्यायचा आहे, होईल का? आणि हो, त्या भिंतीवरच्या स्विचला हात लावला की हल्ली कधी कधी झिणझिण्या येतात.

ताई, तुम्ही ‘आणि हो’ म्हणून शेवटी लिहिलंत ते मी आधी घेतो. तो स्विच आजपासून वापरायचा नाही. त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. घराचं अर्थिंग नीट आहे का आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे का, हे त्याच्याकडून पाहून घ्या. बऱ्याच इमारतींत नुसत्या एमसीबीवर काम भागवलेलं असतं. एमसीबी वायर वाचवतो. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. त्याच वेळी स्विचबोर्डची प्लेट उघडायला सांगा आणि आतल्या पेटीचा फोटो काढून ठेवा. पेटीत गंज किंवा पाण्याचे ओघळ असले, तर पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून खाली उतरत असण्याची शक्यता आहे. ही माहिती पुढे कामाला येईल.

आता रिपोर्टांकडे वळू. दोघांचे कॅमेरे चांगले असतील, चित्रंही खरी असतील. पण चित्रातून जे कळत नाही ते दोघांनीही लिहून दिलंय.

थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, भिंतीच्या आतलंही काही दिसत नाही. पृष्ठभागावरून निघणारे अवरक्त किरण तो टिपतो आणि त्यावरून त्या पृष्ठभागाचं तापमान काढतो. ओली जागा गार दिसते, कारण तिथलं पाणी वाळताना भिंतीची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. आणि माठ पावसाळ्यात कसा वागतो हे तुम्हाला माहीत आहे. हवा 25 अंश आणि दमटपणा 90 टक्के असला, की ओल्या पृष्ठभागाला गार व्हायला जेमतेम सव्वा-दीड अंशाची मुभा मिळते. जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या दुपारी, 27 अंश आणि 30 टक्के दमटपणात, हीच मुभा दहा अंशांपर्यंत जाते. भिंत ती सगळी वापरत नाही, कारण मागच्या विटा तिला ऊब पुरवत राहतात. तरी दोन्हींतलं अंतर बघा. पावसाळ्यात ओल जास्त, म्हणून पावसाळ्यातच कॅमेरा बोलवावा, हा हिशेब इथे उलटा पडतो. नाशिकमध्ये या कामाला दिवाळीनंतरचे तीन महिने सर्वांत चांगले.

तुमच्या फोटोच्या कडेला रंगांची पट्टी आहे. तिच्या वर 27.4 आणि खाली 26.1 असे आकडे आहेत. रिपोर्ट वाचताना सगळ्यात आधी तिथे बघायचं असतं. कॅमेरा समोरच्या सगळ्यात गार ठिकाणाला निळा आणि सगळ्यात गरम ठिकाणाला पिवळा रंग देतो. मग फरक तीस अंशांचा असो की एका अंशाचा. तुमच्या घरात जो निळा डाग बघून सगळ्यांचे चेहरे उतरले, तो सव्वा अंशाचा आहे. एवढा फरक एसीच्या झोतानेही पडतो, आणि तो झोत त्याच कोपऱ्यावर येत होता. शूटिंगच्या आधी दोन-तीन तास एसी आणि पंखा बंद ठेवायचा, कपाट भिंतीपासून सरकवायचं, एवढं तरी त्या माणसाने सांगायला हवं होतं.

शिवाय डागाचे दोन भाग आहेत. छतालगत आडवा, सरळ कडांचा पट्टा दिसतो तो बहुधा बीम आहे. काँक्रीट आणि वीट यांची तापण्या-निवण्याची चाल वेगळी असते, त्यामुळे प्लॅस्टरखालचे बीम-कॉलम कॅमेऱ्यात आपसूक उठून दिसतात. ओल अशी फुटपट्टीने आखल्यासारखी कधी येत नाही. तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात, मधे गडद आणि कडेला विरत गेलेल्या. तुमच्या फोटोत तसा एकच भाग आहे: बीमखाली उतरलेला निमुळता ओघळ, आणि तो डक्टच्या बाजूला कललाय. रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही. मला मात्र सगळ्या चित्रात तोच कामाचा वाटतो.

काकांच्या रिपोर्टचीही तीच गत. चकचकीत टाइल आरशासारखी वागते. तिच्यात समोरच्या माणसाच्या अंगाची उष्णताही उमटते; कॅमेरा थोडा तिरका केला की डाग सरकतो, त्यावरून ते ओळखता येतं. पण टाइलखाली काय चाललंय ते तिच्या पाठीवर सहसा उमटत नाही. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये टॉयलेटचा स्लॅब खोलगट असतो, सगळे त्याला संकन म्हणतात. त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर फरशी. मधे भरावाचा जाड थर. त्यात पाणी साठलेलं असलं, तरी वरून कोरड्या फरशीवर कॅमेरा फिरवून काहीही दिसणार नाही. ‘आढळली नाही’ हे त्याने बरोबर लिहिलंय, पण त्यातून ‘नाही’ हे सिद्ध होत नाही.

काकांचा गावाचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. तसा तो नाही. सांडपाण्याची गळती वापर असेल तेव्हाच होते, हे खरं. पण कोब्यात एकदा साठलेलं पाणी दहा दिवसांत निचरत नाही. ते आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. आणि स्वच्छ पाण्याच्या लाइनला तर कोणी घरी असण्याची गरजच नसते. गच्चीवरच्या टाकीचा दाब तिच्यावर चोवीस तास असतो. जाताना काकांनी इनलेटचा व्हॉल्व्ह बंद केला होता का, हे त्यांना जरूर विचारा, पण भांडणाच्या सुरात नको.

मात्र त्या मे महिन्याने माझ्या मनात वेगळीच शंका आणली. मेमध्ये तुमचा एसी रात्रभर चालू असणार. एसीचं पाणी कुठे जातं? अनेक घरांत ती नळी भिंतीतून डक्टमध्ये सोडलेली असते. तिचा एखादा सांधा निसटलेला असला, तर उन्हाळाभर भिंतीला रोज पाणी मिळतं आणि आळ वरच्यांवर येतो. डिसेंबर-जानेवारीत, एसी बंद असताना, ओल कमी होते का? हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरात आठवून बघा. त्या वेळचा भिंतीचा एखादा फोटो मोबाइलमध्ये सापडला, तर त्याला या दोन्ही रिपोर्टांपेक्षा जास्त किंमत आहे.

आधी स्वतःचं घर तपासा म्हटलं की लोकांना राग येतो. पण ते सोपं आहे, स्वस्त आहे, आणि नंतर काकांच्या दारात उभं राहताना तुमची बाजू त्याने भक्कम होते. एसीच्या इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये टेक्निशियनकडून हळूहळू बादलीभर पाणी ओतून घ्या आणि दुसऱ्या टोकाला ते सगळं बाहेर येतंय का बघा. त्यानंतर तुमची गीझरची लाइन. गीझर माळ्यावर असेल तर त्याचे पाइप भिंतीत सहा-सात फुटांवरून गेलेले असतात, म्हणजे तुमच्या ओलीच्या अगदी जवळून.

थर्मल कॅमेरा खरा उपयोगी पडतो तो इथे. भिंत जशी आहे तसा एक फोटो घ्यायचा. मग गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं पूर्ण सोडायचा आणि दर दोन-तीन मिनिटांनी त्याच जागेवरून, पट्टीवरचे आकडे न बदलता, पुन्हा फोटो घ्यायचे. प्लॅस्टरखालचा पाइप अरुंद, उबदार रेघेसारखा उमटतो. पाइप धड असेल तर रेघ रेघच राहते. गळत असेल तर त्या जागी ऊब पसरत जाते आणि नळ बंद केल्यावरही रेंगाळते. एल्बो (पाइपाचं वळण) आणि डायव्हर्टर (शॉवर-नळाचा भिंतीतला कॉक) मुळातच जरा जाड दिसतात, तेवढ्यावर घाबरून जाऊ नका. थंड पाण्याच्या लाइनला ही युक्ती चालत नाही. तिथे प्रेशर गेजच हवा.

तुमच्याकडे काही सापडलं नाही, की मग काकांकडे जा. जाताना रिपोर्ट नेऊ नका. ‘तुमच्या टाइल्स फोडा’ हे वाक्य ऐकून कोणाचंही डोकं फिरेल, आणि एकही टाइल न फोडता पुष्कळ काही कळू शकतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. त्यांना सांगा, तीन चाचण्या आहेत, एकीतही फोडाफोड नाही.

पहिली चाचणी स्वच्छ पाण्याच्या लाइनची, ती प्लंबर हातपंपाने करतो. बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळे अँगल कॉक बंद, गीझर आणि फ्लशची टाकी लाइनपासून वेगळी. लाइनमधली हवा काढून पाणी दाबाने भरायचं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला). तुमच्या इमारतीच्या टाकीचा चौथ्या मजल्यावरचा दाब त्याहूनही कमी, त्यामुळे बारीक गळती दिवसाला थेंब थेंब जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. पंपाने चार-पाच किलोपर्यंत नेलं की ती लपत नाही. बारा वर्षं जुन्या लाइनला त्याहून वर ताणू नका. काटा अर्धा तास जागचा हलला नाही तर लाइन निर्दोष सुटली. खाली आला तर आधी हवा आणि कॉक पुन्हा तपासा, मगच निष्कर्ष काढा. घाईचे प्लंबर इथेच चुकतात. कॉकचा वायसर गळतो आणि दोष भिंतीवर जातो. दाब खरोखर धरत नसेल, तर गरम आणि थंड लाइन वेगवेगळ्या तपासून घ्या. कुठली टाइल काढायची ते बरंच जवळ येतं.

दुसरी चाचणी फरशीची. नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचं) तोंड पक्कं बंद करून फरशीवर दीड-दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. काकांना एक दिवस दुसरं बाथरूम वापरावं लागेल, तेवढं सोसायला हवं. पाणी खुणेखाली स्पष्ट उतरलं, तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपच्या गळ्याभोवतीची जागा दोषी. ट्रॅपच्या गळ्याकडे माझा पहिला संशय नेहमी असतो. तिथे पीव्हीसी आणि सिमेंट यांची कधीच नीट गट्टी जमत नाही.

तिसरी सांडपाण्याच्या पाइपाची. ट्रॅप उघडून रंगीत पाणी सोडायचं आणि खाली, तसंच डक्टमध्ये, बघत राहायचं. रंग दिसला तर प्रश्नच मिटला. नाही दिसला तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण कोबा रंग पिऊन टाकतो. रंगाऐवजी गीझरचं गरम पाणी सोडून खालून कॅमेरा धरणारेही आहेत. भेगेतून पाणी थेट उतरत असेल तर ऊब लवकर दिसते. नुसती स्लॅबमधून यायची म्हटली तर तिला पाच इंच काँक्रीट ओलांडायला तास लागतात, आणि तोवर कॅमेरावाला पुढच्या कामाला गेलेला असतो.

या तिन्ही चाचण्या एकाच दिवशी उरकू नका. मधे पाच-सहा दिवस जाऊ द्या, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. दर वेळी तुमच्या भिंतीची ओल मॉइश्चर मीटरने मोजा. भिंतीवर पेन्सिलने वीतभर अंतरावर खुणा करा आणि तारखेनुसार आकडे वहीत उतरवा. दोन सुयांचा साधा मीटर चालेल. फक्त एक पथ्य: असे मीटर मुळात लाकडासाठी आखलेले असतात, आणि लोणा धरलेल्या भिंतीतले क्षार वीज वाहून नेतात, त्यामुळे वाळलेली भिंतही ओली दाखवू शकतात. आकडा वीस आला की पंचवीस याला अर्थ नाही. घरातल्या पक्क्या कोरड्या भिंतीपेक्षा किती जास्त आणि मागच्या आठवड्यापेक्षा किती कमी, एवढंच बघायचं.

राहिला डक्ट. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात (आणि सोमेश्वर तर आपल्या गंगापूर रोडवरच आहे), तसं पाण्याचं असतं. पाचव्या मजल्यावरच्या पाइपाचा सांधा गळतो, पाणी पाइपाच्या बाहेरच्या अंगाने खाली येतं आणि तुमच्या बीमपाशी आत शिरतं. तुमच्या फोटोतला ओघळ डक्टकडे कललाय, म्हणून डक्टमध्ये माणूस उतरवून प्रत्येक मजल्यावरचे सांधे बघून घ्या. पाइपाभोवती शेवाळ, पांढरे थर, उगवलेला पिंपळ, हे सगळं कॅमेऱ्याशिवाय दिसतं. खरं तर हे सर्वांत आधी व्हायला हवं होतं, कारण यात सोसायटी हात झटकू शकत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइन-ड्रेनेजची गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतल्या टॉयलेटची ज्याची त्याने. म्हणजे गळती कुठली हे ठरेपर्यंत ‘तुमचं तुम्ही मिटवा’ म्हणायला त्यांनाही आधार नाही. सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन पाहणी मागा आणि पोच घ्या. फक्त इमारत कागदोपत्री सोसायटीच आहे ना, ते बघून घ्या. नाशिकमध्ये बोलताना सोसायटी म्हणतात आणि नोंदणी 1970च्या अपार्टमेंट कायद्याखाली असते, असं पुष्कळदा होतं; मग त्यांची उपविधी वेगळी. बिल्डरला धरता येईल का असं कोणी सुचवेल. रेरा कायद्यातली दोष दुरुस्तीची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षांची आहे. तुमची बारा झाली, तो विषय सोडा.

चाचण्यांच्या आधी काकांशी एक साधा कागद करा, स्टॅम्पपेपर वगैरे नको. प्लंबर दोघांनी मिळून ठरवायचा, चाचणीच्या वेळी दोन्ही घरचं कोणीतरी हजर राहायचं, दोष निघेल त्याने चाचणीचा खर्च द्यायचा, काहीच निघालं नाही तर तुम्ही द्यायचा. शेवटचं कलम तुम्ही स्वतःहून सुचवा. काका चाचणीला तयार होतील ते त्यामुळेच.

दोष कुठेही निघो, तुमच्या बाजूने खालून स्लॅबमध्ये भेगा बुजवायचं इंजेक्शन मारून किंवा डॅम्पप्रूफचे हात देऊन गळती ‘बंद’ करून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. वरून येणारं पाणी खालून अडवलं तर ते स्लॅबमध्येच मुक्काम करतं आणि सळई गंजवतं. गंजलेली सळई फुगते, मग काँक्रीटचे ढलपे पडतात, आणि तेव्हाचा खर्च टाइलच्या कितीतरी पट असतो.

कॅमेरा विकत घेऊ नका. स्वस्तातल्या काही कॅमेऱ्यांत 80 × 60, म्हणजे 4,800 बिंदूंचंच चित्र मिळतं; कामाच्या कॅमेऱ्यात 320 × 240, म्हणजे 76,800. त्यापेक्षा मीटर घ्या, तो फार स्वस्त पडतो आणि वर्षभर उपयोगी येईल. डिसेंबरमध्ये कॅमेरावाला पुन्हा बोलवायची वेळ आली, तर ठरवतानाच सांगा: प्रत्येक थर्मल चित्रासोबत त्याच जागेचा साधा फोटो, पट्टीवरचे आकडे, खोलीचं तापमान आणि दमटपणा, आणि निळ्या दिसणाऱ्या प्रत्येक जागी मीटरचं रीडिंग. हे ऐकून जो ‘एवढं कशाला, मला नुसतं बघून कळतं’ म्हणेल, त्याला तिथूनच नमस्कार करा.

आणि रंग. दिवाळीच्या आत बाकीचं घर रंगवून घ्या, ही भिंत सोडा. गळती उद्या सापडून परवा बंद झाली तरी कोबा आणि प्लॅस्टर वाळायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. तोवर सुटलेलं प्लॅस्टर खरवडून काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा (पाण्याने धुतलात तर तो पुन्हा आत जातो), आणि भिंत उघडी राहू द्या. पुट्टीचा हात द्यायला पेंटर घाई करेल, त्याला थांबवा. वहीतले आकडे सलग तीन-चार आठवडे कोरड्या भिंतीच्या जवळपास राहिले की पुट्टी, प्रायमर आणि रंग. माझा अंदाज विचाराल तर होळीच्या सुमारास.